सोंग कुणाचं, किंमत कुणाला: १९८३चे विनोदी चित्रपट माझ्या क्रमाने

देवगडकडच्या एका वाडीतल्या मंडळाच्या चिटणीसाने विचारलंय: "बाई, आमचं मंडळ १९८३ साली सुरू झालं. येत्या मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की देवळासमोर पाच रात्री पडदा लावायचा आणि त्याच वर्षातले विनोदी चित्रपट दाखवायचे असं ठरतंय. तुमच्या आवडीचे कुठले? पहिला नंबर कुणाचा, शेवटचा कुणाचा, आणि का?"

तुझा प्रश्न वाचून फार आनंद झाला. १९८३ साली मी बावीस वर्षांची होते, गिरगावात मामाच्या खोलीवर राहून नोकरी करत होते, आणि यातले बहुतेक चित्रपट मी तेव्हाच पाहिले. पुढे वेंगुर्ल्याला परत आले. त्यानंतर तीसेक वर्षं या भागात हौशी नाटकं आणि एकांकिका बसवल्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त विनोदी. त्यामुळे माझा क्रम हा तालमीत उभं राहून ठरलेला क्रम आहे. कुठला चित्रपट किती चालला याचा त्यात विचार नाही.

आधी क्रम सांगून टाकते. 'कथा' पहिला. 'जाने भी दो यारों' दुसरा. 'मंडी' तिसरा. 'किसी से ना कहना' चौथा, आपला मराठी 'गुपचुप गुपचुप' पाचवा, आणि 'रंग बिरंगी' सहावा. पहिल्या दोघांत अंतर अगदी थोडं आहे, आणि बरीच वर्षं मी त्यांना उलट्या क्रमाने लावत होते. का बदलला ते पुढे सांगते.

क्रम लावायला काहीतरी माप लागतं. "मला कुठे जास्त हसू आलं" हे माप माझ्या कामाचं नाही, कारण हसू त्या दिवशीच्या मनःस्थितीवर असतं, शेजारी कोण बसलंय त्यावर असतं. मी नवीन नाटक हातात घेतलं की पहिल्या तालमीला नटांना विचारते: या गोष्टीत सोंग कुणी घेतलंय? आणि ते उघडं पडलं तर कुणाचं काय जाईल? शिमग्यात आपल्या दारात सोंगं येतात. वाघ येतो, पोलीस येतो, पुरुष साडी नेसून येतो. पोरं आधी घाबरतात, मग हसतात, आपण हातावर पैसे ठेवतो आणि सोंग पुढच्या घरी जातं. गंमत येते, पण ती पाच मिनिटांची, कारण तिथे कुणाचंच काही पणाला लागलेलं नसतं. दोन-अडीच तास माणसाला बसवून ठेवायचं असेल तर सोंगाची किंमत कुणालातरी मोजावी लागणार असते. आणि प्रेक्षकाला ते आतून कुठेतरी कळत असतं. ती किंमत जितकी खरी, तितका तो विनोद मला वरचा.

या मापाने पाहायला १९८३सारखं दुसरं वर्ष नाही, कारण त्या वर्षीच्या हिंदी विनोदी चित्रपटांत नट पुन्हा पुन्हा तेच आहेत. नसीरुद्दीन शाह 'कथा', 'जाने भी दो यारों' आणि 'मंडी' या तिन्हींत आहे. फारूक शेख आणि दीप्ती नवल ही जोडी 'कथा', 'किसी से ना कहना' आणि 'रंग बिरंगी' या तिन्हींत. उत्पल दत्त दोन ठिकाणी. ओम पुरी, पंकज कपूर, सतीश कौशिक, नीना गुप्ता 'जाने भी दो'मध्येही आहेत आणि 'मंडी'मध्येही. आपल्या दशावतारी नाटक कंपनीचं कसं, काल याच माणसाने राजा केला, आज तोच ऋषी. कंपनी तीच, आख्यान वेगळं. तसंच हे आहे. नट तोच राहिला की लिहिणाऱ्याने आणि दिग्दर्शकाने काय केलं ते स्वच्छ दिसतं.

आता 'कथा'.

सई परांजपे यांनी हा चित्रपट शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून केला. चाळ, राजाराम जोशी नावाचा कारकून, शेजारची संध्या सबनीस, आणि राजारामच्या खोलीवर येऊन टेकलेला त्याचा जुना मित्र बाशू. राजाराम नुकताच कंपनीत कायम झालाय, आता संध्याला विचारावं असं त्याच्या मनात आहे. बाशू येतो, गोड बोलतो, थापा मारतो आणि दोन दिवसांत सगळी चाळ खिशात घालतो. राजारामच्याच कंपनीत वरच्या जागेवर जाऊन बसतो. संध्याही त्याच्याकडे ओढली जाते. माणसं मराठी आहेत, बोलतात हिंदी, पण गॅलरीतून एकमेकांच्या खोलीत डोकावण्याची त्यांची पद्धत अस्सल आपली आहे. चित्रीकरण पुण्यातल्या एका खऱ्या चाळीत झालं, आणि ते जाणवतं. तो जिना, ती दारं कुणी सेटवर उभी केलेली वाटत नाहीत.

फारूक शेखचं काम मी माझ्या नटांना पुन्हा पुन्हा पाहायला सांगते. नवख्या नटाला खोटारड्याचं काम दिलं की तो काय करतो? थाप मारून झाली की प्रेक्षकांकडे बघून हलकेच डोळा मिचकावतो. "बघा, मी कसा फसवतोय" असं त्याला सांगायचं असतं. हशा मिळतोही. पण मग थाप ऐकणारी पात्रं मूर्ख ठरतात आणि नाटक पोकळ होतं. बाशू कधीच डोळा मिचकावत नाही. त्याला थाप मारताना मनापासून आनंद होतो. समोरच्याला काय ऐकायचंय ते तो हेरतो आणि तेच देतो. म्हातारीला मान देतो, बाप्याला मोठेपणा देतो, पोरीला स्वप्न देतो. देताना तो स्वतःही ते खरं मानतो. आमच्या एका नाटकात मी एका चांगल्या नटाकडून हा डोळा मिचकावणं बंद करून घेतलं. पहिल्या प्रयोगात हशे कमी झाले आणि तो माझ्यावर रुसला. पण तिसऱ्या अंकात त्याचं बिंग फुटलं तेव्हा जो हशा आला आणि हशानंतर जी शांतता आली, ती त्याआधी कधीच आली नव्हती.

दुसऱ्या बाजूला नसीरुद्दीन. विनोदात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचं काम अवघड असतं, आणि राजाराम हा अख्खा चित्रपटभर ऐकणारा माणूस आहे. त्याला सगळं दिसतंय. आपल्या खोलीत, आपल्या ताटात, आपल्या ऑफिसात आणि शेवटी आपल्या मनातल्या मुलीच्या मनात हा शिरलाय, हे त्याला कळतंय, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. नसीरुद्दीन हे चेहऱ्यावर दाखवत नाही, शरीरात दाखवतो. बोलायला म्हणून श्वास घेतो आणि तो श्वास तसाच सोडून देतो. आपण हसतो आणि लगेच आपल्याला वाईट वाटतं.

दशावतार पाहून वाढलेल्या माणसाला बाशू चटकन कळेल, कारण आपल्याकडे संकासुर आहे. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, तो काळा वेश करून येतो, मालवणीत गजाली करतो, सगळ्यांची खेचतो, आणि वेद चोरतो. चोर तो, पण पोरांचा सगळ्यात लाडका तोच. आपण त्याच्यावर जीव लावायचा आणि मग विष्णूने येऊन त्याला मारायचं, असा तो खेळ. 'कथा'मध्येही आपण चोरावर जीव लावतो. फक्त इथे विष्णू येत नाही. बाशू सगळ्यांना फसवून निघून जातो, त्याला शिक्षा होत नाही, आणि मागे उरते संध्या. गोष्टीतलं कासव शर्यत जिंकतं खरं, पण शर्यत संपल्यावर सशाने तुडवलेलं शेत सावरण्याचं काम त्याच्याकडे येतं. राजाराम संध्याला कुठलाही जाब विचारत नाही, कुठली अट घालत नाही, तिचा हात धरतो. लहानपणी ऐकलेल्या साध्या गोष्टीला इतकं मोठं करून ठेवणारा शेवट मी विनोदी चित्रपटात फार थोड्या वेळा पाहिलाय.

माझा क्रम बदलला तो एका माणसामुळे. गिरगावात आमच्या चाळीतही असा एक जण आला होता. आपल्याकडचाच, बोलायला अतिशय गोड. कुणाच्या आईचे गुडघे दुखतात, कुणाच्या भावाची परीक्षा कधी आहे, सगळं त्याच्या लक्षात असायचं. आखातात नोकऱ्या लावून देतो म्हणून तीन बिऱ्हाडांकडून त्याने पैसे घेतले. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीचं त्याच्याशी लग्न ठरल्यात जमा होतं. एका सकाळी तो नव्हता. त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही दोघी 'कथा'ला गेलो, काय चित्रपट आहे याची काहीच कल्पना नसताना. अर्धा वेळ ती माझ्यापेक्षा जास्त हसत होती. मध्यंतरानंतर ती हसायची थांबली, पण उठून गेली नाही. घरी येताना ट्राममार्गाच्या जुन्या रस्त्याने आम्ही चालत आलो. ती एवढंच म्हणाली, "निदान ह्यात कुणी तिला वेडी म्हटलं नाही." तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला 'जाने भी दो यारों'चं वेड लागलेलं होतं, म्हणून त्या वाक्याचं वजन मला नीट कळलं नाही. पुढे मी स्वतः नाटकं बसवायला लागले, फसलेल्या बाईवर किती सहज हशा मिळतो आणि तो किती जण घेतात हे पाहिलं, तेव्हा कळलं. सई परांजपे यांनी चाळीतल्या प्रत्येकाच्या भोळेपणाला हसू दिलंय, पण संध्याला हसण्याची वेळ आली तिथे त्यांनी हात आखडता घेतलाय. लेखिकेच्या नजरेची ही शिस्त आहे. हे कळलं तेव्हापासून 'कथा' माझ्याकडे पहिला.

सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. तो पुरस्कार मिळाला नसता तरी माझा क्रम हाच राहिला असता.

'जाने भी दो यारों' दुसरा, आणि त्याबद्दल मी रात्रभर बोलू शकेन. कुंदन शाह यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, खर्च सात लाखांच्या आसपास. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली आणि दिल्लीच्या नाट्य विद्यालयातली मंडळी एकत्र आली आणि त्यांनी जिवावर उदार होऊन काम केलं. दोन गरीब, प्रामाणिक फोटोग्राफर, नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी. त्यांचा स्टुडिओ चालत नाही. 'खबरदार' मासिकाची संपादिका त्यांना बिल्डर तर्नेजाच्या मागावर पाठवते. एक फोटो मोठा मोठा करत नेला तेव्हा त्यात खून दिसतो. महापालिका आयुक्त डिमेलो मेलाय, आणि पुढचा सगळा चित्रपट त्याच्या प्रेताची पळवापळवी आहे.

संपादिकेच्या भूमिकेत भक्ती बर्वे आहेत. आपल्या रंगभूमीवरच्या या थोर अभिनेत्रीला हिंदीत फार कमी पाहायला मिळालं, म्हणून इथे त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष दे. वरवर सत्याची बाजू घेणारी ही बाई आतून सौदा करते, आणि भक्ती बर्वे तो बदल कुठल्याही खुणेशिवाय करतात. आवाज तोच, हसू तेच. दोघं पोरं बराच वेळ तिच्यावर विश्वास ठेवतात, आपणही ठेवतो.

आणि सतीश शाह. प्रेताचं काम. याची कुणी वाखाणणी करताना ऐकलं तरी लोकांना ते सोपं वाटतं. रंगमंचावर मेलेला माणूस ही आमची कायमची डोकेदुखी असते. जिवंत माणसाला कुणी उचललं की तो नकळत स्वतःचं वजन सावरतो, मान ताठ करतो, पायाने जमीन शोधतो. प्रेक्षकाला ते लगेच कळतं. आपल्या दशावतारात हा प्रश्नच ठेवलेला नाही. मेलेला राक्षस उठतो आणि आपल्या पायांनी आत जातो, आणि आपणही ते गोड मानून घेतो. पण इथे त्या प्रेताला ढकलायचंय, पेटीत घालायचंय, साडी नेसवायचीय, रंगमंचावर उभं करायचंय. सतीश शाहने ते शरीर इतकं सैल सोडलंय की थोड्या वेळाने आपण तो नट आहे हे विसरतो. दारूच्या नशेतला ओम पुरी त्या शवपेटीतल्या डिमेलोला मोटारवाला समजून त्याच्याशी गप्पा मारतो, त्या प्रसंगात सगळं काम एकटा ओम पुरी करतोय असं वाटतं. नीट बघ, निम्मं काम पेटीतला माणूस न हलता करतोय.

कोकणातल्या माणसाने हा चित्रपट बघायचा तो शेवटच्या महाभारतासाठी. द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रयोग चालू आहे, आणि प्रेत, प्रेताचे चोर, मालक, पोलीस सगळे त्या रंगमंचावर घुसतात. मुळातले नट बिचारे प्रयोग पुढे रेटायला धडपडतात. आंधळा धृतराष्ट्र काय चाललंय म्हणून विचारत राहतो. मध्येच मुघल दरबारही येतो. आपल्याकडे गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८०मध्ये रंगभूमीवर आलं, आणि मच्छिंद्र कांबळींनी ते मालवणी नाटक जगभर नेलं. तिथेही गावातली मंडळी वस्त्रहरणाचा प्रयोग करायला निघतात आणि तो हातातून निसटत जातो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध लावण्याचं कारण नाही. पण गोष्ट निवडताना दोघांनी वस्त्रहरणच निवडलं हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. भरसभेत, सगळ्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांदेखत अन्याय होतोय आणि कुणी तोंड उघडत नाही, हा तो प्रसंग. 'वस्त्रहरण'मध्ये आपण गाववाल्यांच्या हौसेवर प्रेमाने हसतो. 'जाने भी दो'मध्ये द्रौपदीच्या साडीत एका भ्रष्ट अधिकाऱ्याचं प्रेत आहे, आणि तिच्यासाठी भांडणारे सगळेच दुर्योधन आहेत.

यात आणखी एक कारागिरी आहे, ती आपल्या गावच्या नटांना सांगावीशी वाटते. दशावतारी नटाकडे लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान ते ठरतं, आणि संवाद तो जागेवर रचतो. त्यामुळे मांडवात कुत्रं शिरलं, गॅसबत्ती विझली, समोरून कुणी ओरडलं, तरी तो ते संवादात ओढून घेतो. चित्रपटातला तो महाभारताचा गोंधळ मात्र नुसत्या उत्स्फूर्ततेवर उभा नाही. प्रत्येक जण त्या क्षणी दोन कामं करतोय: भूमिका निभावतोय आणि प्रेत हिसकावतोय. दोन्ही कामं त्याच्यासाठी जीवनमरणाची आहेत. म्हणून हसू येतं. तो प्रसंग "गंमत करूया" म्हणून केला असता तर एवढ्या वर्षांत विरून गेला असता.

मग दुसरा का? दोन कारणं. पहिलं, सुरुवातीचा तासभर काही प्रसंग लांबतात; फोनचा तो प्रसिद्ध प्रसंग सोडला तर अधूनमधून पकड सुटते. दुसरं, इथे सोंगाची किंमत अख्ख्या शहराला मोजावी लागते, पूल कोसळतो, माणसं मरतात, आणि शेवटी शिक्षा त्या दोन निरपराध पोरांना होते. हे भयंकर आहे आणि खरं आहे. पण ती किंमत मला बुद्धीने कळते, आणि 'कथा'तली किंमत घरातल्या माणसासारखी छातीत बसते. एवढाच फरक. उद्या कुणी हे दोन्ही उलटे लावले तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

'मंडी' तिसरा ठेवलाय, पण तुझ्या पाच रात्रींत तो घेऊ नको, पोराबाळांनी भरलेल्या पटांगणात तो लावायचा चित्रपट नाही. श्याम बेनेगल यांनी गुलाम अब्बास यांच्या 'आनंदी' या उर्दू कथेवरून तो केला. गावातली प्रतिष्ठित माणसं कोठा गावाबाहेर हलवतात, आणि मग गावच त्याच्याभोवती वाढत जातं. इथे सोंग कोठ्यातल्या बायकांनी घेतलेलं नाही, ते बाहेरच्या सभ्य माणसांनी घेतलंय. शबाना आझमीची रुक्मिणीबाई लबाड आहे, मायाळू आहे, हिशेबी आहे, आणि एकाच श्वासात हे तिन्ही असते. नसीरुद्दीनचा नोकर तुंगरूस बघ आणि त्याच वर्षीचा राजाराम आठव. दोघंही पिचलेले, पण एकाची पाठ दुसऱ्यासारखी वाकत नाही. तुझ्या मंडळातल्या नाटकवाल्या पोरांना हा वेगळा बसून बघायला सांग.

'किसी से ना कहना' हृषीकेश मुखर्जींचा. विधुर बापाला सून हवी ती इंग्रजी न येणारी, साधी, खेड्यातली. मुलाचं प्रेम बसलंय डॉक्टर मुलीवर. मग ती अडाणी असल्याचं सोंग घेऊन घरात येते. उत्पल दत्त बाप म्हणून लोभस आहेत आणि सईद जाफरी घरचा मित्र म्हणून मजा आणतात. पण शिकलेल्या बाईने आपलं शिक्षण लपवायचं, ही किंमत चित्रपटाला पुरेशी टोचत नाही. दीप्ती नवलला ती टोचतेय असं काही क्षण वाटतं, तिच्या डोळ्यांत ते दिसतं, आणि तेवढ्यापुरता चित्रपट वर उठतो. तुमच्याकडच्या शिक्षिका, नर्स, अंगणवाडीच्या बायका हा बघतील तेव्हा त्यांच्याकडून काय ऐकायला मिळतं ते मला जरूर कळव.

'गुपचुप गुपचुप' मी क्रमात घेतला तो अशोक सराफच्या प्रोफेसर धोंडसाठी. रंजनाही आहे, आणि तिची विनोदाची जाण त्या काळच्या कुठल्याही नायिकेपेक्षा तल्लख होती. पण लोकांच्या तोंडी राहिला तो धोंड. आडनाव ऐकूनच आपल्याकडची माणसं सावरून बसतात. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे वर्गात एक तरी धोंड असायचाच. अशोक सराफ एका भूमिकेत किती बारीक नक्षी करतो ते बघायचं असेल तर त्याच्या हातांकडे बघ.

'रंग बिरंगी'ही हृषीकेश मुखर्जींचाच. संसाराचा कंटाळा घालवायला मित्राने रचलेलं प्रेमाचं सोंग, अमोल पालेकर, परवीन बाबी, देवेन वर्मा. सोंग मोठं आहे पण कुणाचं फारसं काही जाणार नाही हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं, म्हणून शेवटचा. त्यातले उत्पल दत्त मात्र, भाटवडेकर नावाचे पोलीस अधिकारी, पटांगणात सगळ्यात मोठा हशा घेतील.

आता दाखवायचा क्रम. तो आवडीच्या क्रमाहून वेगळा ठेव. उघड्या पटांगणातली पहिली रात्र नेहमी विस्कळीत असते. लोक उशिरा येतात, बायका जेवणं आटपून येतात, मुंबईकर एकमेकांना भेटत असतात. तिथे 'रंग बिरंगी' लाव. दहा मिनिटं चुकली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या रात्री 'गुपचुप गुपचुप', मराठी, म्हातारी माणसं खूश होतील. तिसऱ्या रात्री 'किसी से ना कहना'. चौथ्या रात्री 'जाने भी दो यारों', आणि त्या रात्री एक काळजी घे: चित्रपटातले बरेच प्रसंग अंधारे आहेत, तेव्हा देवळावरची रोषणाई आणि रस्त्यावरचा मोठा दिवा बंद ठेवायला सांग, नाहीतर पडद्यावर काळोखच दिसेल. संवाद भराभर येतात, म्हणून एक स्पीकर मागे ठेव. पडद्याजवळच्या दोन भोंग्यांचा आवाज मागच्या रांगांना पोचेपर्यंत शब्द विरतात. सगळ्याच चित्रपटांच्या सार्वजनिक खेळाची परवानगी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून आधी लेखी घे.

पाचव्या, शेवटच्या रात्री 'कथा'. काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीत आम्ही तो असाच दाखवला होता. बाशू पहिल्यांदा राजारामच्या खोलीत ऐसपैस बसला तेव्हा पुढच्या रांगेतली एक आजी मोठ्याने म्हणाली, "हो पळतलो! सगळ्यांका फसवन पळतलो!" (हा पळणार, सगळ्यांना फसवून पळणार.) पटांगण हसलं. पुढे संध्या त्याच्यासाठी नटू लागली तेव्हा तीच आजी म्हणाली, "तेका सांगा गो कोणीतरी." (तिला सांगा गं कुणीतरी.) त्यावर कुणी हसलं नाही. तुझ्याकडेही पुढच्या रांगेत सतरंजी म्हाताऱ्या बायकांसाठी राखून ठेव, आणि त्या मध्येच बोलल्या तर कुणाला त्यांना गप्प करू देऊ नको.